आपल्यावरचं सोसावं, दुसऱ्यावरचं सोसू नये

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या रात्री केलेलं भाषण. मोबाइलवरचं बोलणं नातवानं कागदावर उतरवून घेतलं, मी ते ऐकून चार ठिकाणी नीट करून दिलं.)



मी चौथी शिकलेला माणूस. दिवसा वावरात राबायचं अन् सप्ताहाच्या दिवसांत चार गावी कीर्तन करायचं, हीच माझी शाळा. मंडळानं सांगितलं, "महाराज, यंदा शंभरावं वर्ष आहे, कीर्तन उद्या काल्याचं होईल, आज तुम्ही भाषण करा." आता कीर्तनात कसं असतं, अभंग हाताशी असतो. अडखळलं की टाळकरी सांभाळून घेतात. भाषणात धरायला कोणी नाही. म्हणून आज अभंग घेत नाही. सरळ बोलतो, माझ्या अनुभवाचं बोलतो. त्यात माझ्या दोन चुका आहेत, त्याही सांगतो.

विषय मी नाही निवडला, एका पोरानं दिला. दिवाळीनंतर मंडळाची बैठक झाली. दिंडीची नियमावली आजवर तोंडी होती, ती आता छापायची ठरलं. त्यात एक कलम आलं, की दिंडीत जो जातपात पाळील, भेद करील, त्याला कायमचं काढून टाकावं. अर्धे लोक म्हणाले, बरोबर आहे. अर्धे म्हणाले, वारकऱ्यानं कोणाला काढायचं नसतं, पांडुरंग सगळ्यांचा आहे. दोन्हीकडून आवाज चढले. तेव्हा कॉलेजात शिकणारं एक पोट्टं मागून उठलं अन् मला म्हणालं, "बाबाजी, तुम्ही दर कीर्तनात सांगता सगळ्यांना जवळ घ्या. मग जो माणूस दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, त्यालाही जवळ घ्यायचं का? घेतलं त तो दुसऱ्याला हाकलते. नाही घेतलं त आपणच हाकलणारे झालो. मग आपल्यात अन् त्याच्यात फरक काय राहिला?"

मायबापहो, पन्नाशीच्या आसपास वाऱ्या झाल्या माझ्या, पण मी त्या दिवशी गप्प बसलो. म्हणलं, "बाबू, सोहळ्यात सांगतो." तेव्हापासून डवरा हाकतानाही हाच विचार डोक्यात होता. आज सांगतो.

आपल्या संतांकडं पाहिलं तर पहिल्या नजरेला दोन्ही सापडतं. ज्ञानोबामाउलींनी पसायदान मागितलं. त्यात दुष्टांचा नायनाट कर असं नाही मागितलं. दुष्टाच्या मनातला वाकडेपणा जाऊ दे, असं मागितलं. माणूस राहू दे, त्याचा वाकडेपणा जाऊ दे. अन् तुकोबाराय? ते मेणाहून मऊ, पण नाठाळाच्या डोक्यात काठी घालायची भाषाही त्यांनीच केली. हे तर शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. मग खरं कोणतं धरायचं? माउलीचं की तुकोबांचं?

मला याचं उत्तर पैठणला सापडलं, नाथांच्या दारात.

नाथमहाराजांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. गोदावरीवर स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ परत नदीवर गेले, अंघोळ केली, आले. तो परत थुंकला. असं शंभराच्या वर वेळा झालं म्हणतात. नाथ रागावले नाहीत. उलट म्हणाले, तुझ्यामुळं आज मला गंगेचं इतक्या वेळा स्नान घडलं. ही गोष्ट आपण सहनशीलतेची म्हणून सांगतो.

पण त्याच नाथांची दुसरी गोष्ट आहे, ती आपण त्या गोष्टीशेजारी ठेवत नाही. नाथांच्या घरी श्राद्ध होतं. ब्राह्मणांसाठी स्वयंपाक झाला होता. त्याचा वास बाहेर रस्त्यावर गेला. रस्ता झाडणाऱ्या महार कुटुंबातलं लेकरू म्हणालं, असं अन्न आपल्याला कधी मिळेल? नाथांनी ऐकलं, त्यांना घरात बोलावलं अन् तो स्वयंपाक त्यांना आधी वाढला. सगळं पैठण उलटलं. बहिष्कार टाकला. नाथ बधले नाहीत.

आता पाहा. तोच माणूस. अंगावर शंभर वेळा थुंकी पडली, सोसली. अन् दुसऱ्याच्या लेकराची भूक एक वेळही सोसली नाही. गावाला वाईट वाटेल, लोकांच्या भावना दुखतील, थोडं सबुरीनं घ्यावं, असं तिथं काहीच म्हणाले नाहीत.

म्हणजे सोसण्याचा हिशेब असा आहे. जे माझ्या अंगावर पडलं ते सोसायचा मला अधिकार आहे. जे दुसऱ्याच्या अंगावर पडलं ते त्याच्या वतीनं सोसायचा मला अधिकार नाही. शेजाऱ्याच्या वावरात ढोरं घुसली अन् मी धुऱ्यावर बसून म्हणलं, जाऊ द्या, मुकी जनावरं आहेत, तर ती माझी दया नाही. पीक त्याचं जाते, दया माझी होते, असं कुठं असतं?

हे मला कळायला फार वर्षं लागली. आता माझी पहिली चूक सांगतो.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा. दिंडीत नवा टाळकरी. आपल्या दिंडीचे जुने मृदंगी तेव्हा चालत होते. आज त्यांचं नाव घेत नाही, घरच्यांनी नको म्हणलं. पण इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना कळलं कोण ते. गावानं ज्यांना पिढ्यान् पिढ्या शिवेबाहेर ठेवलं, त्या वस्तीतले. बोटं अशी, की पखवाजावर पडली की अंगावर काटा यायचा. वाटेत एका मुक्कामाला एका मोठ्या घरी पंगत होती. आम्ही बसलो. पत्रावळी वाढल्या. तेवढ्यात घरचा कारभारी आला, मृदंग्यांच्या कानाशी लागला. ते काही न बोलता उठले, आपली पत्रावळ घेतली अन् गोठ्याच्या बाजूला जाऊन बसले.

मी त्यांच्या शेजारीच होतो. मला कळलं काय झालं. आमच्या ओळीतल्या सगळ्यांनाच कळलं. मी खाली मान घातली अन् जेवलो. वरण चांगलं होतं, ते अजून आठवते.

रात्री मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हणलं, "काकाजी, वाईट वाटलं. पण आपण वारकरी, सोसावं लागते." त्यांनी माझ्याकडं पाहिलं अन् एवढंच म्हणाले, "सोसलं म्या. तू त जेवला."

चाळीस वर्षं झाली. एवढे ग्रंथ वाचले, पारायणं केली, पण सहनशीलतेवर याच्यापेक्षा मोठं प्रवचन मी ऐकलं नाही. मी माझ्या भित्रेपणाला सोसणं म्हणत होतो. सोसणारा वेगळाच होता.

अन् हे माझ्या एकट्याचं नाही, आपल्या सगळ्या संप्रदायाला हे विचारावं लागते. चोखोबांची समाधी कुठं आहे? महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर. मंगळवेढ्याला वेशीचं काम करताना भिंत पडली, चोखोबा त्यात गेले. ते साल १३३८ सांगतात. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या अन् देवाच्या दारात ठेवल्या. दारात, बरं का. आत नाही. त्यानंतर सहाशे वर्षं आपण पंढरीला जात राहिलो, चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवत राहिलो अन् चोखोबांच्या लेकरांना बाहेर ठेवून आत जात राहिलो. आपण कोणाशी सहनशील राहिलो? दार लावणाऱ्याशी. दाराबाहेर उभा होता त्याच्याशी नाही.

मग काय होते? उभं राहून राहून माणूस निघून जाते. नाशिकला काळाराम मंदिरासाठी २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला. वर्षानुवर्षं चालला. दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला त्यांनी सांगून टाकलं, की मी हिंदू म्हणून मरणार नाही. अन् १४ ऑक्टोबर १९५६ ला, आपल्या वर्ध्याहून काही फार दूर नाही, नागपूरला, लाखो लोक त्यांच्यामागं बुद्धाला शरण गेले. आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांतून लोक गेले. ते चांगल्या मार्गाला लागले, त्याबद्दल मी बोलत नाही. मी आपल्याबद्दल बोलतो. ज्यांच्या घरात चोखोबा झाले, सोयराबाई झाल्या, बंका झाले, ती घरं आपल्यापासून का उठून गेली, याचं उत्तर आपणच द्यायचं आहे. आपण तेव्हा पंगतीत खाली मान घालून जेवत होतो.

म्हणून जे म्हणतात, वारकऱ्यानं कोणालाच काही म्हणू नये, त्यांना मी हात जोडून सांगतो, असं चालत नाही. आपण गप्प राहिलो तरी हाकलणं होतेच. फक्त कोण हाकलला जाते, ते भेद करणारा ठरवते.

आता दुसरी बाजू. मग भेद करणाऱ्याला धरून बाहेर फेकायचं का? इथं माझी दुसरी चूक आहे. ही जास्त जड आहे.

पहिल्या गोष्टीनंतर सोळा-सतरा वर्षांनी दिंडीची व्यवस्था माझ्याकडं आली. म्हाताऱ्या मृदंग्यांचा मुलगा तेव्हा पाण्याच्या टाकीवर सेवेला होता. आमच्यात एक जुने टाळकरी होते. मोठे शेतकरी, आवाज खडा. आपल्याकडं रीत आहे, गळ्यात माळ असली की लहानमोठं न पाहता एकमेकांच्या पाया पडायचं. हे सगळ्यांच्या पाया पडत, फक्त या बापलेकापाशी आले की चाल बदलत. अन् एक दिवस त्या पोरानं भर उन्हात तांब्या भरून दिला, तो यांनी त्याच्यासमोर मातीत ओतला अन् दुसऱ्याच्या हातून भरून घेतला.

मी पाहिलं. मला म्हाताऱ्यांचं वाक्य आठवलं. मनात म्हणलं, आज खाली मान घालायची नाही. गेलो, त्यांच्या हातातले टाळ ओढून घेतले अन् सगळ्या दिंडीसमोर ओरडलो, "तुम्ही वारकरी नाही. चालते व्हा इथून." आणखीही बोललो, ते इथं सांगण्यासारखं नाही. बायाबापड्या पाहत होत्या. त्या माणसानं गळ्यातली माळ काढली, माझ्या हातावर ठेवली अन् एसटी पकडून गावाला गेला.

मला वाटलं, आज मी नाथ झालो. संध्याकाळी ते पोरगं माझ्याकडं आलं. मला वाटलं, पाया पडेल. ते म्हणालं, "काका, तुमी मले इचारलं नाही. मले त्याचे टाळ नोको होते. माह्या हातचं पाणी त्यानं सांडू नये, एवढंच पाह्यजे होतं. आता तो गावात सांगन, का माह्यामुळं त्याची वारी गेली. मले त्याच गावातून जा-ये कराची हाये."

अन् तसंच झालं. त्या माणसानं वारी सोडली. त्याच्यासोबत तीन-चार घरं गेली. ज्या लोकांत राहून त्याचा पीळ थोडा तरी सैल झाला असता, ते लोक त्याच्याभोवती राहिले नाहीत. उरले ते त्याच्याच मताचे. अन् तो होता त्याहून कडक झाला.

शेतकऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या पऱ्हाटीत काय झालं? बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, बिगर बीटीची. ती वावराच्या कडेनं लावा असं सांगायचे. आपण म्हणायचो, अळीला कशाला पोसायचं? पुडी फेकून द्यायचो. पण त्या पुडीचं गमक वेगळं होतं. कडेच्या झाडांवर साध्या अळ्या जगतात. बीटीलाही न मरणारी एखादी कडक अळी उरली, तर तिच्या पाखराचा जोडा या साध्या पाखरांशी लागते अन् पुढची पिढी परत मरण्यासारखी होते. आपण साधी अळी ठेवलीच नाही. कडकाचा जोडा कडकाशीच लागत गेला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं कशी आतून खाल्ली, ते तुम्ही पाहिलं आहे. कारणं आणखीही होती, पण हे एक होतं. कडक माणसाला सगळ्यांतून तोडून कडक माणसांतच सोडलं, की तसंच होते.

पण मायबापहो, माझी खरी चूक याच्याही खाली आहे, ती आज पहिल्यांदा सांगतो. त्या गोष्टीच्या दोन महिने आधी याच माणसानं चार लोकांत माझी थट्टा केली होती. म्हणाला होता, चौथी नापास माणूस ओव्या घोकून महाराज झाला. चौथी पास आहे मी, पण ते जाऊ द्या. ते माझ्या मनात सलत होतं. त्या दिवशी मी टाळ ओढले ते तांब्यासाठी ओढले की त्या थट्टेसाठी? मी पोराचं नाव पुढं केलं अन् माझा राग काढला. म्हणजे पहिल्या वेळी दुसऱ्यावरचं होतं, ते मी सोसलं. दुसऱ्या वेळी माझ्यावरचं होतं, ते मला सोसलं नाही. दोन्ही वेळा उलटं केलं.

आता हे सरळ कसं करायचं, ते ज्यांनी करून दाखवलं त्यांची तीन उदाहरणं देतो.

पहिलं आपल्या वर्ध्याचं. गावात लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे, बजाज घराण्याचं. १९२८ च्या जुलै महिन्यात जमनालालजींनी ते अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या लोकांसाठी उघडलं. आपली दिंडी त्याच काळातली. जमनालालजींनी दुसऱ्याचं दार फोडलं नाही. स्वतःच्या घराण्याचं दार उघडलं अन् त्यापायी आपल्याच लोकांचा रोष अंगावर घेतला. कोणी यायचं बंद केलं तर त्यांनी त्याला मारायला माणसं नाही पाठवली. पण तो येत नाही म्हणून दार पुन्हा लावलंही नाही.

दुसरं साने गुरुजींचं. पंढरीच्या मंदिरासाठी ते महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरले, अन् १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा मेला उपोषण सुटलं अन् हरिजनांना मंदिर मोकळं झालं. गुरुजींना विरोध थोडा नव्हता. शिव्या होत्या, निंदा होती. त्यांनी ती सोसली, कारण ती त्यांच्या अंगावर होती. पण दाराच्या बाबतीत तसूभर मागं सरले नाहीत, कारण दार दुसऱ्यावर बंद होतं. उपाशी कोणाला ठेवलं? स्वतःला. काही जुन्या मंडळींनी त्यानंतर देवळात पाय टाकला नाही, कळसालाच हात जोडून परत गेले. त्यांना कोणी ओढत आत नेलं नाही अन् त्यांच्यासाठी देऊळ थांबलंही नाही.

तिसरं पवनारच्या विनोबांचं. सप्टेंबर १९५३. बिहारात देवघरला वैद्यनाथाचं मोठं देऊळ आहे. विनोबा हरिजनांना सोबत घेऊन दर्शनाला गेले. पंड्यांनी मारलं. सोबतच्यांनी वार अंगावर घेतले, तरी विनोबांना लागलंच. एका कानानं ऐकू येईनासं झालं. विनोबांनी सांगितलं, मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही. पण म्हणून ते असं नाही म्हणाले, की ठीक आहे, तुमची रूढी तुम्हाला लखलाभ. थोड्याच दिवसांत त्या देवळात हरिजन गेले. पुढं केरळात अन् ओरिसात सोबतच्या परधर्मी माणसांना प्रवेश नाही म्हणल्यावर विनोबा स्वतः दारातून परत फिरले. अन् १९५८ च्या मे महिन्यात आपल्या पंढरीनं काय केलं? विनोबांना सगळ्यांसकट बोलावलं. त्यांच्यासोबत मुसलमान मुलगी होती, ख्रिस्ती बाई होती. सगळे विठ्ठलाला भेटले. अकरा वर्षांपूर्वी ज्या पंढरीत उपोषण करावं लागलं, त्याच पंढरीत हे घडलं. म्हणून म्हणतो, माणूस बदलते. वाट मोडून टाकली नाही, तर बदलते.

तिघांतही एकच रीत दिसते. दार उघडं राहील यावर तडजोड नाही. अन् दार अडवणाऱ्याचा द्वेष नाही. कोणी म्हणेल, काम तर कायद्यानं झालं. खरं आहे. घटनेनं अस्पृश्यता बंद केली, पुढं १९५५ चा कायदा आला. कायदा पाहिजेच. कायदा म्हणजे वावराचं कुंपण. कुंपण नसलं तर पीक राहत नाही. पण कुंपण घातल्यानं पेरणी होत नाही. पेरणी आपल्याला करायची आहे, टाळ-मृदंगानं.

आता त्या पोराचा प्रश्न. बाबू, कुठं बसला आहेस? हं, ऐक. तू विचारलं होतं, भेद करणाऱ्याला अडवलं तर आपल्यात अन् त्याच्यात फरक काय? फरक असा. तो माणसाला त्याच्या जन्मामुळं बाहेर ठेवते. जन्म काही बदलता येत नाही, म्हणून त्याच्या दारात परतीची वाट नसते. आपण त्याला त्यानं केलेल्या कामामुळं अडवतो. ते काम त्यानं सोडलं की आपलं दार उघडंच आहे. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा आपण ती वाट खरोखर उघडी ठेवू. माझ्यासारखे टाळ ओढून घेतले, तर मग तुझा प्रश्न बरोबर. मग फरक नाही राहिला.

म्हणून नियमावलीत माझ्या तीन गोष्टी लिहाव्या, अशी मंडळाला विनंती आहे.

एक. ज्या घरी आपल्यातल्या एकाचीही पंगत वेगळी, त्या घरी दिंडी जेवणार नाही. त्या यजमानाला राम कृष्ण हरी म्हणायचं अन् पुढं चालायचं. पोतडीत मुरमुरे-फुटाणे असतात. एक रात्र मुरमुऱ्यावर काढली तर कोणी मरत नाही. अन् पुढच्या वर्षी परत त्याच दारात जाऊन विचारायचं, यंदा एका पंगतीत वाढता का?

दोन. दिंडीतल्या कोणी भेद केला, तर त्याच दिवशी बोलायचं, पुढच्या मुक्कामावर ढकलायचं नाही. आधी ज्याचा अपमान झाला त्याला विचारायचं, तुला काय पाहिजे? माफी पाहिजे, की आणखी काही? अन् भेद करणारा ऐकतच नसेल, तर तो दिंडीत चालणार नाही. इथं मऊ पडायचं नाही.

तीन. बाहेर काढताना माळ, टाळ, पताका यांना हात लावायचा नाही. शिवी नाही. ज्याचं त्या माणसाशी जुनं भांडण असेल, त्यानं त्या निर्णयात बसायचं नाही. अन् "कायमचं" हा शब्द काढून टाकावा. दर ज्येष्ठात दिंडी निघायच्या आधी त्याच्या घरी एक माणूस निरोप घेऊन जाईल, की यंदा येता का? पांडुरंग अठ्ठावीस युगं विटेवर वाट पाहते म्हणतात. आपल्याला वर्षातून एक निरोप पाठवायला काय होते?

शेवटचं सांगून थांबतो. ते ओढलेले टाळ अन् ती माळ माझ्याजवळ राहिली होती. चार वर्षं घरात खुंटीला होती. मग कळलं, तो माणूस आजारी आहे. मी गेलो. खाटेवर पडून होता. मी पायावर डोकं ठेवलं. म्हणलं, "दादाजी, तुम्ही पाणी सांडलं ते चूकच होतं, आजही म्हणतो. पण मी टाळ ओढले ती माझी चूक. त्याची माफी मागायला आलो." तो बराच वेळ बोलला नाही. मग टाळ मागितले, छातीवर घेतले, एकदा वाजवले अन् बाजूला ठेवले. माळ उशाशी ठेवली. माफ केलं की नाही, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. निघताना म्हणाला, "त्या पोट्ट्याचं पाणी..." अन् थांबला. पुढं काही बोलला नाही. महिनाभरात गेला.

काय म्हणणार होता, ते विठ्ठलाला ठाऊक. मला एवढंच वाटते, की मी त्या दिवशी टाळ ओढले नसते, नुसतं समोर उभं राहून म्हणलं असतं, की दादाजी, हा तांब्या प्याल तरच पुढचं पाऊल, तर कदाचित ते वाक्य चार वर्षं आधी पुरं झालं असतं. अन् तो तांब्या देणारा तिथं ऐकायला असता.

उद्या काला आहे. एका मडक्यातलं दही-लाह्या सगळ्यांच्या हातावर पडेल. कोणाचा घास कोणाच्या हातून आला, ते उद्या पाहायचं नसते. तसं वर्षभर राहू द्या, एवढंच मागणं आहे. शंभर वर्षं आपल्या बापजाद्यांनी ही पताका आणून दिली, पुढची वाट पोरांच्या पायात आहे.

बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर तुमचं लेकरू समजून पोटात घ्या.

राम कृष्ण हरी!